पिकअपची केबिन आणि हाताचा आवाका

मालवाहू पिकअप गाडीचे दोन भाग असतात : मागचा हौदा, म्हणजे माल भरण्याची उघडी किंवा ताडपत्रीने झाकायची जागा, आणि पुढची केबिन, म्हणजे चालक व त्याचा सोबती बसतात तो बंदिस्त भाग. हौदा किती लांब आहे आणि किती वजन पेलतो यावर गाडीची किंमत, तिचे भाडे आणि बाजारातील तिची पत ठरते, त्यामुळे हौद्याच्या मापाविषयी घेणारा, विकणारा आणि माल भरणारा असे तिघेही बोलतात. केबिनच्या आतल्या जागेविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही, कारण त्या जागेचे भाडे येत नाही. तरीही अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत पिकअप चालवणाऱ्या माणसाच्या दिवसाचे, आणि हंगामात रात्रीचेही, बहुतेक तास याच जागेत जातात. तेथेच तो हिशेब लिहितो, भाकर खातो, पाने-पक्कड ठेवतो, भाव निघेपर्यंत वाट पाहतो आणि पाठ टेकतो. रुंदीने दीड मीटरच्या आसपास असलेल्या या जागेत कोणती वस्तू कोठे असावी, हे ठरवण्यात त्याचे वर्षानुवर्षांचे कामाचे ज्ञान साठलेले असते, आणि ते ज्ञान कोठे लिहून ठेवलेले नसल्यामुळे त्याची नोंद करणे अगत्याचे आहे.

येथे ज्या अनुभवाचा विचार केला आहे तो मोर्शी तालुक्यातील एका चालकाचा आहे. ट्रकवर क्लीनर म्हणून काम शिकल्यानंतर त्याने प्रथम टाटा एस, म्हणजे २००५ साली बाजारात आलेली आणि गावोगाव ‘छोटा हत्ती’ या नावाने ओळखली जाणारी गाडी, चालवली आणि पुढे बोलेरो पिकअप घेतली. त्याचे वर्ष पिकांच्या मागे फिरते. पावसाळा संपताच आंबिया बहाराची संत्री सुरू होतात, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुललेल्या झाडांची फळे. त्याच सुमारास सोयाबीन निघते, मग कापूस जिनिंगला जातो, फेब्रुवारीपासून मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या आरंभी फुललेल्या झाडांची संत्री येतात, तूर अकोल्याच्या डाळमिलांकडे वाहते, एप्रिल-मे हे दिवस लग्नाच्या मांडवाच्या सामानाचे असतात आणि मृग नक्षत्राच्या तोंडावर बियाण्याच्या थैल्या व खतांची पोती उलट दिशेने गावाकडे जाऊ लागतात. मालाप्रमाणे केबिनच्या गरजा बदलतात, आणि एका हंगामात सोयीची वाटलेली मांडणी दुसऱ्या हंगामात अडथळा ठरते, ही त्याच्या अनुभवातील पहिली लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे.

गाडीच्या बांधणीचाही मांडणीशी थेट संबंध आहे. छोट्या हत्तीच्या मूळ रचनेत इंजिन आसनाखाली असल्यामुळे आसन उचलले की इंजिनच दिसते. तेथे सामान ठेवण्याचा प्रश्न उद्भवत नाही आणि आसनाखालून येणारी उष्णता लांबच्या फेरीत मांड्यांना जाणवत राहते. बोलेरो पिकअपला पुढे वेगळे बॉनेट, म्हणजे इंजिनावरचे झाकण, असल्याने आसनाखालची आणि पाठीमागची चिंचोळी जागा मोकळी राहते. एका गाडीतून दुसऱ्या गाडीत आल्यावर चालकाला वेगात वा ताकदीत जो फरक जाणवला असेल तो असो, पण त्याच्या बोलण्यात पहिला उल्लेख येतो तो आसनाखाली हात घालता येऊ लागल्याचा.

वऱ्हाडात वाहनावर जगण्याची ही कला पिकअपबरोबर आलेली नाही. बंडीवर, म्हणजे बैलगाडीवर, कापूस घेऊन बाजाराला जाणाऱ्या माणसाकडे सामान ठेवण्यासाठी खण किंवा पेटी नसे. तो सगळे टांगून ठेवत असे. कंदील आणि आसाला लावायच्या वंगणाचे नळकांडे बंडीच्या खाली लोंबकळत असे, शिदोरीचे फडके बाजूच्या खुंटाला असे, आणि बैलांसाठी घेतलेला कडबा जातानाच्या प्रवासात बसायची गादी होई. टांगलेली वस्तू हादऱ्याबरोबर हलते पण जागा सोडत नाही, अंधारातही हाताला तेथेच सापडते, आणि खाली झोपण्यापुरती फळी मोकळी ठेवते. पिकअपच्या केबिनमध्ये आज जे खिसे, जाळ्या आणि आकडे दिसतात त्यांच्यामागे हेच जुने उत्तर आहे, हे मान्य करायला हरकत नसावी.

मांडणीचे मूळ तत्त्व हाताच्या आवाक्यात आहे. आवाका म्हणजे बसल्या जागेवरून, पाठ न उचलता, हात पोहोचतो तेवढे क्षेत्र. माणसाच्या शरीराची मापे घेऊन यंत्रे, आसने व हत्यारे यांची रचना ठरवणाऱ्या शास्त्रात या आवाक्याला फार महत्त्व आहे, आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतून १९९७ साली देवकुमार चक्रवर्ती यांनी भारतीय लोकांच्या शरीरमापांचे जे पुस्तक सिद्ध केले त्याचा उद्देशही परक्या मापांवर बेतलेल्या वस्तू येथल्या माणसांच्या गळ्यात पडू नयेत हाच होता. मात्र चालत्या गाडीत आवाक्याला आणखी एक अट लागू होते, ती नजरेची. हात पोहोचतो पण नजर रस्त्यावरून काढावी लागते, अशी जागा चालत्या गाडीत निरुपयोगी समजावी लागते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे जाते, म्हणजे चष्म्याची डबी शोधण्यात दोन सेकंद गेले तर चालकाने तेहेतीस मीटर रस्ता न पाहता ओलांडला असा त्याचा अर्थ होतो. म्हणून या चालकाने वस्तूंची वाटणी त्यांच्या जातीप्रमाणे केलेली नाही; वस्तू कोणत्या अवस्थेत मागितली जाते, यावर त्याने जागा ठरवली आहे. दुपट्टा, चष्मा, सुटे पैसे आणि पाणी चालत्या गाडीत लागतात. कागद, वही आणि पेन गाडी उभी असताना लागतात. जॅक, व्हीलपाना आणि टॉमी, म्हणजे पहारीसारखा लोखंडी दांडा, खाली उतरल्यावर लागतात, आणि बहुतेक वेळा पावसात किंवा काळोखात लागतात. एकाच जातीच्या दोन वस्तू त्यामुळे केबिनच्या दोन टोकांना असू शकतात : मोठी विजेरी हत्यारांजवळ आहे, आणि छोटी दाराच्या खिशात.

औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांत जपानी पद्धतीचे जे पाच नियम भिंतीवर लिहिलेले आढळतात, त्यांतील ‘सेइतोन’ हा नियम जवळपास हेच सांगतो; प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा असावी आणि ती काढायला व परत ठेवायला सोपी असावी, असा त्याचा आशय आहे. कारखाना एका जागी स्थिर असतो, तेथे वस्तू ठेवली की ती राहते. केबिनमधील वस्तूला मात्र ब्रेक, वळण, खड्डा आणि चढ हे सतत हलवत असतात, त्यामुळे येथे जागा ठरवण्याइतकेच ती वस्तू तेथे धरून ठेवणेही आवश्यक होते. चिखलदऱ्याचा घाट उतरताना आसनाजवळ ठेवलेली पाण्याची बाटली घरंगळत ब्रेकच्या पायपट्टीखाली जाऊन अडकली, तर पाय कितीही जोराने दाबला तरी पट्टी पुरती खाली जात नाही. ही शक्यता ज्याला एकदा तरी अनुभवाने कळली आहे तो चालकाच्या पायांजवळची जमीन पूर्ण रिकामी ठेवतो, तेथे चप्पलही काढून ठेवत नाही, आणि सोबत बसलेल्या शेतकऱ्याची पिशवी नम्रपणे पण ठामपणे त्याच्याच मांडीवर किंवा पाठीमागच्या आकड्याला देतो.

समोरच्या डॅशबोर्डविषयी या चालकाचे मत सर्वांत पक्के आहे, आणि ते बहुतेक केबिनमध्ये दिसणाऱ्या रूढीच्या विरुद्ध जाते. समोरची आडवी जागा हाताला जवळ आणि डोळ्यांसमोर असल्याने साऱ्यांचा हात वस्तू ठेवायला तिकडेच जातो. पण वऱ्हाडच्या उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या केबिनमधील हवा तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी अधिक तापू शकते. काचेखाली थेट ऊन खाणारा काळा डॅशबोर्ड त्याहूनही तापतो. तेथे ठेवलेला लायटर, मोबाइलची फिरती बॅटरी म्हणजे पॉवर बँक, किंवा औषधाची पट्टी यांचे काय होईल हे सांगण्याची गरज नाही. वजनकाट्याच्या पावतीचे मात्र सहसा लक्षात येत नाही. अशा पुष्कळ पावत्या आता थर्मल कागदावर, म्हणजे शाईऐवजी उष्णतेने काळा पडणाऱ्या लेपाच्या कागदावर, छापल्या जातात. ज्या उष्णतेने अक्षर उमटते त्याच उष्णतेने सगळा कागद काळवंडतो, आणि दुपारी डॅशबोर्डवर ठेवलेली तुरीच्या वजनाची पावती संध्याकाळी हिशेबाच्या वेळी एक काळी चिठ्ठी होऊन हाती येते. वजन हेच ज्या व्यवहाराचे प्रमाण आहे त्यात अशी पावती नाहीशी होणे म्हणजे शेतकरी, अडत्या आणि चालक या तिघांमध्ये वादाला तोंड फुटणे होय. या चालकाने पावतीसाठी आसनाच्या पाठीमागे, उन्हापासून दूर, कापडी खिसा केला आहे आणि प्रत्येक पावती मिळताच तिचे मोबाइलवर छायाचित्र काढण्याचा शिरस्ता ठेवला आहे.

डॅशबोर्ड मोकळा ठेवण्याचे दुसरे कारण प्रकाशाचे आहे. पांढरा कागद किंवा चकचकीत वस्तू तेथे असली की तिचे प्रतिबिंब समोरच्या तिरप्या काचेत पडते आणि रस्त्यावर एक फिकट पडदा आल्यासारखा होतो. भर दुपारी किंवा मावळतीच्या वेळी पश्चिमेकडे, म्हणजे अमरावतीहून अकोल्याकडे जाताना, त्या पडद्यातून पांढऱ्या सदऱ्यातला पायी चालणारा माणूस उशिरा दिसतो. म्हणूनच त्याच्या डॅशबोर्डवर काळसर, न चमकणारे जाड कापड ताणून बसवलेले आहे आणि त्यावर शेगावच्या गजानन महाराजांची एक छोटी मूर्ती सोडली तर काही नाही. तीही काचेच्या मधोमध नाही. ती एका कडेला, चालकाच्या नजरेच्या रेषेबाहेर चिकटवलेली आहे. श्रद्धेची जागा ठरवतानाही त्याने रस्त्याला आड येऊ दिलेले नाही, ही बाब आदराने नोंदवावीशी वाटते. फास्टॅग, म्हणजे पथकर आपोआप वळता करणारी चिकटपट्टी, २०२१ पासून सक्तीची झाल्याने काचेवरची तेवढी जागा कायमची गेली आहे, त्यामुळे बाकीची काच निर्मळ ठेवण्याचा त्याचा आग्रह वाढला आहे.

उष्णतेचा विषय निघाला असता एका नियमाचा उल्लेख येथे करणे योग्य होईल. केंद्र सरकारने ट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन बंधनकारक केले आहे आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या गाड्यांना ते लागू झाले आहे. परंतु ही सक्ती ‘एन-२’ आणि ‘एन-३’ या वर्गांपुरती, म्हणजे मालासह एकूण वजन ३,५०० किलोंपेक्षा अधिक असलेल्या मालवाहू गाड्यांपुरती आहे. पिकअप त्या मर्यादेच्या आत येते. मोठ्या ट्रकचालकाच्या आरोग्याचा विचार झाला ही समाधानाची गोष्ट आहे, पण मे महिन्याच्या दुपारी मूर्तिजापूरच्या रस्त्यावर पिकअपमध्ये बसलेल्या माणसाला लागणारे ऊन काही हलके नसते, आणि छोट्या गाडीचा चालक या विचारातून सुटला हे खेदाने म्हणावे लागते. त्यामुळे त्याला आपली सोय आपणच करणे भाग आहे : छताच्या आतून थर्माकोलवर कापड चढवून बसवलेला थर, दाराच्या काचेला अडकवायची जाळी, आणि पाणी.

पाण्याचा प्रश्न वऱ्हाडात केवळ तहानेचा नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून जो खारपाणपट्टा पसरला आहे, तेथे जमिनीखालचे पाणी क्षारयुक्त असल्याने विहिरीचे किंवा हापशाचे पाणी पिण्याजोगे असेलच असे नाही. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर भागात भाडे घेऊन जाणारा चालक म्हणून घरून निघतानाच दोन दिवसांचे पाणी बरोबर घेतो. पूर्वी ट्रकच्या पुढे छागल लटकत असे. छागल म्हणजे जाड किंतानाची पाण्याची पिशवी. तिच्या कापडातून झिरपणारे पाणी वाऱ्याने वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते आणि पाणी गार राहते. हा गुण वाऱ्यावर अवलंबून असल्याने छागलीची जागा केबिनच्या बाहेरच असते. आता तिच्या जागी दहा लिटरचा थर्मास जार आला आहे, जो वाऱ्याशिवाय गार ठेवतो परंतु केबिनमधील मोठी जागा अडवतो आणि भरलेला असताना दहा किलोंहून जड असतो. तो सोबत्याच्या पायांजवळ, एका लाकडी कड्यात बसवून, पट्ट्याने आवळून ठेवला जातो. आणि चालत्या गाडीत प्यायचे पाणी एका लहान बाटलीत, दाराच्या खिशात असते. भाकर, ठेचा आणि कांदा यांची शिदोरी थर्मासच्या वर, जाळीत टांगली जाते, कारण डिझेल आणि वंगणाचा वास भाकरीला फार लवकर लागतो आणि लागलेला वास जात नाही.

कागदपत्रांची व्यवस्था हा या अनुभवाचा सर्वांत विचारपूर्वक घडलेला भाग आहे. मालवाहू गाडीला नोंदणी प्रमाणपत्र, विमा, प्रदूषण नियंत्रणाचा दाखला आणि योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे गाडी रस्त्यावर चालण्यास सुस्थितीत असल्याचा परिवहन खात्याचा दाखला, इतके कागद लागतात; हा शेवटचा दाखला गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावा लागतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने एकूण वजन ३,००० किलोंपर्यंत असलेल्या मालगाडीला परवान्याची अट ठेवलेली नाही, म्हणून काही पिकअप परवान्यावाचून चालतात आणि जास्त क्षमतेच्या पिकअपना तो घ्यावा लागतो. व्यापाऱ्याचा करपात्र माल ठरावीक किमतीपेक्षा अधिक असेल तर त्याचे ई-वे बिल, म्हणजे माल कोठून कोठे कोणत्या गाडीतून चालला आहे हे सांगणारी संगणकीय नोंद, सोबत असावी लागते. ताज्या फळांना ती लागत नाही. २०१८ पासून हे कागद मोबाइलवर डिजिलॉकर किंवा एमपरिवहन यांतून दाखवणे कायद्याने ग्राह्य धरले आहे, आणि त्यामुळे कागदी फाइल अनावश्यक झाली असे वाटू शकते. परंतु मेळघाटात सेमाडोहच्या पुढे मोबाइलला संपर्क मिळेलच याची खात्री नसते, आणि उन्हात तापलेला मोबाइल ऐन तपासणीच्या वेळी बंद पडल्याचाही अनुभव आहे. म्हणून या चालकाने दोन्ही व्यवस्था ठेवल्या आहेत.

त्याची फाइल दोन भागांत आहे, आणि हे विभाजन त्याला पुष्कळ त्रासानंतर सुचले. एक भाग गाडीच्या कागदांचा. तो पारदर्शक पिशव्यांच्या वहीत, ज्या क्रमाने तपासणीत मागितले जातात त्याच क्रमाने, आसनाच्या पाठीमागील पहिल्या खिशात असतो आणि वरुडहून पांढुर्ण्याकडे, म्हणजे मध्य प्रदेशात, माल जायचा असेल तेव्हा निघण्यापूर्वी एकदा उघडून पाहिला जातो. दुसरा भाग त्या त्या फेरीचा. त्यात मालाची पावती, वजन, हमालीचा हिशेब आणि कापसाच्या दिवसांत शेतकऱ्याने विश्वासाने हाती दिलेले सातबारा व आधार यांच्या प्रती असतात. हे दोन्ही एकत्र असताना एका शेतकऱ्याचा सातबारा विम्याच्या कागदात अडकून गावी परत गेला आणि त्याला खरेदी केंद्रावरून रिकाम्या हाताने फिरावे लागले, तेव्हापासून फेरीचा खिसा फेरी संपली की उलटा करून रिकामा करायचा, असा नियम त्याने स्वतःला घालून घेतला. दुसऱ्याचा कागद आपल्या केबिनमध्ये एक रात्रही राहू नये, ही त्याची भावना आहे. आणि ज्याचा एक दिवस असा वाया गेला त्याच्या दृष्टीने ती अगदी रास्त आहे.

आसनाखालच्या हत्यारांकडे वळताना रस्त्याचा विचार करावा लागतो. अमरावती-अकोला हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ चा टप्पा अनेक वर्षे खड्ड्यांचा होता. जून २०२२ मध्ये लोणी ते माना दरम्यान ७५ किलोमीटर लांबीचे डांबरी काँक्रीट १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरले गेले आणि त्याची गिनेस विश्वविक्रमात नोंद झाली. खड्ड्यांच्या रस्त्यावर सुटे हत्यार खडखडते, आवाज करते, आणि त्या आवाजामुळे ते सुटे असल्याचे कळते. गाडीही हळू असते. गुळगुळीत रस्त्यावर तेच हत्यार निमूट पडून राहते आणि गाडी वेगात असते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एकाएकी थांबली तर आतली सुटी वस्तू त्याच वेगाने पुढे जाते, आणि तो वेग सुमारे चौदा मीटर उंचीवरून, म्हणजे चार-पाच मजल्यांवरून, खाली पडलेल्या वस्तूच्या वेगाइतका असतो. आसनामागे सुटा ठेवलेला तीन किलोंचा जॅक मानेच्या उंचीवर असेल तर त्याचा अर्थ काय होतो हे यावरून समजते. चांगल्या रस्त्याने मांडणीचा प्रश्न सोपा होण्याऐवजी अधिक गंभीर केला, हे या चालकाचे निरीक्षण आहे, आणि ते या विषयावरचे त्याचे सर्वांत मोलाचे निरीक्षण म्हणता येईल.

त्याची उपाययोजना साधी आहे. जड ते खाली आणि बांधलेले, हलके ते वर आणि टांगलेले. जॅक आणि व्हीलपाना आसनाखाली जमिनीला बोल्ट केलेल्या पट्टीत बसतात; पाने, पक्कड आणि पेचकस जाड किंतानाच्या गुंडाळीत, प्रत्येकाला शिवलेल्या वेगळ्या घरात असतात, ज्यामुळे ते वाजत नाहीत आणि चिखलात गुडघे टेकून बसलेल्या माणसाला गुंडाळी उलगडताच कोणता पाना कमी आहे ते रिकाम्या घरावरून कळते. वऱ्हाडच्या काळ्या मातीत ही चिंता खरी आहे. पावसात पांदणीतून, म्हणजे वावरात जाणाऱ्या कच्च्या वाटेवरून, गाडी काढताना चाक रुतले की खाली पडलेला पाना त्या चिकट मातीत दिसेनासा होतो. फावडे, दोर, ओली ताडपत्री आणि चाकाखाली लावायचा लाकडी ठोकळा यांना केबिनमध्ये प्रवेशच नाही. ती केबिनच्या वरच्या कॅरिअरवर किंवा हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यात जातात. ओलसर ताडपत्रीच्या कुबट वासात रात्र काढलेल्या माणसाला या नियमाचे कारण विचारावे लागत नाही.

दोन आसनांच्या मधली पेटी ही केबिनमधली खरी घडवलेली वस्तू होय. चालकाने प्रथम बाजारात मिळणारी प्लास्टिकची तयार पेटी आणून पाहिली. ती हादऱ्याने सरकत असे आणि हातब्रेक ओढताना कोपर तिला लागत असे. नंतर त्याने सुताराकडून प्लायवूडची पेटी करून घेतली आणि सीटकव्हरवाल्याकडून तिच्यावर फोम व रेक्झिन चढवून घेतले. तिचे माप घेताना त्याने गाडी चालवत असल्यासारखे बसून सगळे गिअर टाकून पाहिले, हातब्रेक पूर्ण ओढला आणि कोपराची वाट खडूने आखून घेतली. पेटीची एक कड त्यामुळे तिरपी कापावी लागली. उंची मात्र आसनाच्या बरोबर ठेवली, आणि त्यामागे झोपेचा हिशेब होता. कापसाच्या दिवसांत जिनिंगसमोर रांगेत किंवा बाजार समितीच्या आवारात रात्र जाते तेव्हा दोन आसनांमधला खड्डा कमरेला त्रास देतो. पेटी सारख्या उंचीची असली की तिच्यासह एक आडवी गादी तयार होते. पाय पुरते पसरता येत नाहीत, तरी कूस बदलता येते. पेटीच्या आत रोकड ठेवायचा चोरकप्पा, प्रथमोपचाराचे साहित्य, वही आणि एक चादर आहे, आणि कुलपाची कडी झाकणाच्या आत बुडवलेली आहे, म्हणजे झोपेत बरगडीला टोचत नाही. अशा एका कडीमागे किती रात्रींचा अनुभव असतो हे ती बसवणाऱ्या सुतारालाही कदाचित ठाऊक नसेल.

विजेच्या जोडणीविषयी तो स्वतःला अजाण म्हणवतो, तरी त्याने पाळलेला नियम महत्त्वाचा आहे. मोबाइल, पंखा आणि आतला दिवा यांच्यासाठी गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरून वायर ओढताना ती थेट जोडण्याची पद्धत सर्रास आहे. वायर दाराच्या पत्र्यावर घासून उघडी पडली तर मोठा प्रवाह वाहून ती तापते, आणि जवळच फोम, रेक्झिन आणि कापसाचा उडालेला तंतू असतो. फ्यूज, म्हणजे ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह आला की स्वतः वितळून मार्ग तोडणारा तुकडा, बॅटरीच्या जवळ बसवला तर ही आग टळते. पाच अँपिअरचा फ्यूज साठ वॅटपर्यंतच्या साधनांना पुरतो. कापूस वाहणाऱ्या गाडीत याबाबत हयगय करू नये. याच कारणाने केबिनच्या कोपऱ्यांतला कापूस आणि धूळ रोज संध्याकाळी झाडली जाते, आणि त्यासाठीचा हातभर लांबीचा झाडू दाराच्या आतल्या बाजूला, गाडगेबाबांच्या लहानशा तसबिरीखाली, अडकवलेला असतो.

गाडी जुनी झाल्यावर विकली जाते तेव्हा हौदा, इंजिन आणि टायर यांची किंमत होते. केबिनमधल्या कामाची होत नाही. चालकाने आपली पहिली पिकअप विकली त्या दिवशी मधली पेटी, हत्यारांची गुंडाळी आणि पाठीमागचे खिसे काढून घेतले आणि डॅशबोर्डच्या कडेला स्क्रूची भोके तेवढी राहिली. नव्या गाडीत ती पेटी दोन बोटे रुंद ठरली. ती रंधून बसवणे सोपे होते, पण त्याने ती घरी ओसरीवर ठेवली आणि सुताराकडे नेली नाही. आंबिया बहार संपेपर्यंत नव्या केबिनमध्ये त्याने एकही भोक पाडू दिले नाही. सारे सामान आसनामागच्या आकड्यांना घट्ट बांधलेल्या एका कापडी पिशवीत होते, आणि हात आपोआप कोठे जातो, कोठे अडतो, कोणत्या वळणावर काय सरकते, हे तो रोज रात्री फेरीच्या हिशेबाखाली त्याच वहीत लिहून ठेवत होता.